गुपित आणि सावधगिरी



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने उपग्रहांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु आजच्या विषयात यंत्राचा भाग थोडा आणि माणसाचा अधिक आहे. आपल्या घराची भिंत कोठे खचली आहे हे शेजाऱ्याला केव्हा, किती आणि कोणाच्या भरवशावर सांगावे, एवढाच तो प्रश्न.

प्रथम घटना सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारे तासभर आधी, ‘केए-सॅट’ या उपग्रहावरून चालणारी इंटरनेट सेवा युरोपात अनेक ठिकाणी एकाएकी बंद पडली. वायासॅट या अमेरिकी कंपनीची ही सेवा. युक्रेनमधील काही हजार आणि उर्वरित युरोपातील काही दशसहस्र ग्राहकांची मोडेम नावाची पेटी निरुपयोगी झाली. जर्मनीच्या एनरकॉन कंपनीच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरील दूरनियंत्रण तुटले. चक्क्या आपल्या आपण फिरत राहिल्या, पण दूरवरून त्यांची खबर घेता येईना. युद्ध एका देशात आणि खोळंबा दुसऱ्या देशात, असा हा प्रकार.

यात उपग्रहाला कोणी स्पर्शही केला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरील जाळ्यात, दुरून प्रवेश देणाऱ्या एका यंत्रणेच्या सदोष मांडणीचा लाभ घेऊन शिरले, व्यवस्थापनाच्या कक्षापर्यंत पोहोचले आणि तेथून हजारो मोडेमना एकाच वेळी आज्ञा सोडल्या. आज्ञा रीतसर होत्या. देणारा तोतया होता. त्या आज्ञांनी मोडेमच्या स्मृतीतील महत्त्वाचा मजकूर पुसून टाकला. कंपनीला पुढे सुमारे तीस हजार नवे मोडेम पाठवावे लागले.

आता माहितीचा प्रवास पाहा. १७ मार्चला अमेरिकी शासनाच्या यंत्रणांनी उपग्रह-दळणवळण चालविणाऱ्यांना व त्यांच्या ग्राहकांना सावधगिरीची सूचना दिली. कंपनीचे सविस्तर निवेदन ३० मार्चला आले. दुसऱ्याच दिवशी सेंटिनेलवन या संस्थेच्या संशोधकांनी ‘ॲसिडरेन’ नावाच्या विध्वंसक प्रणालीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १० मे रोजी युरोपीय संघ, ब्रिटन व अमेरिका यांनी रशियाला उघडपणे जबाबदार धरले. पहिल्या दिवसापासून कंपनीच्या निवेदनापर्यंत जवळजवळ पाच आठवडे गेले. चौकशी चालू असताना, त्यातही युद्धकाळात, बोलण्यावर मर्यादा येतात हे मला मान्य आहे. तरीही त्याच धर्तीची यंत्रणा वापरणाऱ्या दुसऱ्या कोणा चालकाला हे पाच आठवडे फार लांब वाटले असतील.

कंपन्या मौन का पाळतात? कोणाला न्यायालयाची भीती असते, कोणाला भागधारकांची, कोणाला प्रतिस्पर्ध्याची; आणि अंतराळाच्या धंद्यात लष्कराची कंत्राटे असल्यामुळे गोपनीयतेचे कुलूप आणखी एक. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेत १९९८ च्या अध्यक्षीय निर्देशानंतर क्षेत्रवार माहिती-देवघेव केंद्रे निघू लागली. बँकांचे केंद्र १९९९ मध्ये निघाले. अंतराळक्षेत्राचे केंद्र स्थापन होण्यास २०१९ साल उजाडले. ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आहे. खासगी कंपन्यांना माहिती देताना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला, पण त्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंतचीच ठेवली. विश्वासालाही मुदत घालणारे हे विधिमंडळ!

देवघेवीची रीत मात्र मला मोठी समंजस वाटते. प्रत्येक माहितीवर रंगाची खूण असते. तांबडी असेल तर ती ऐकणाऱ्यापाशीच राहावी; पिवळसर नारिंगी असेल तर गरजेपुरती आपल्या संस्थेत आणि ग्राहकांत; हिरवी असेल तर त्या क्षेत्रातील मंडळींत; आणि कोणतेच बंधन नसेल तर सर्वत्र. सगळे सांगा किंवा सगळे झाका, या दोन टोकांमध्ये किती पायऱ्या आहेत हे त्यावरून कळते.

येथे मला आपल्या वाङ्मयातील एक उदाहरण आठवते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामुळे ग्रंथ पंथात सुरक्षित राहिले हे खरे. परंतु ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना शतकानुशतके अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांनी कुलूप उघडले तेव्हा कोठे आपल्या वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. त्या पंथीयांना मी दोष देत नाही. गुपिताची किंमत मात्र बहुधा गुपिताबाहेरचे लोक मोजतात, एवढेच सुचवितो.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेला कळविणे बंधनकारक करण्यात आले. वर कळविणे आणि शेजाऱ्याला कळविणे या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत. पहिली कायद्याने साधते. दुसरीसाठी अभियंत्यांची आपापसांत ओळख, एकमेकांच्या शब्दाची खात्री आणि संकटापूर्वीच ठरलेली रीत लागते. आपल्या देशात अंतराळाचे क्षेत्र २०२० पासून खासगी उद्योगांना खुले होऊ लागले आहे. म्हणजे उपग्रह, भूकेंद्रे, त्यांचे सुटे भाग आणि प्रणाली अनेक हातांत जात आहेत. या सभागृहातही अशा उद्योगांत काम करणारे काही माजी विद्यार्थी असतील. आपल्याकडे अशी घटना घडली, तर पहिल्या तासात कोणत्या शेजाऱ्याला दूरध्वनी करावयाचा हे तुमच्या कार्यालयात ठरलेले आहे काय? प्रश्नोत्तरांच्या वेळी त्याविषयी तुमच्याकडून ऐकावयास मला आवडेल.