मोंटानाचा आयरिश कारभारी

अमेरिकेच्या राजकारणात आयरिश माणसं पुष्कळ होऊन गेली. पण थॉमस फ्रान्सिस मारइतक्या वेळा कायद्याशी गाठ क्वचितच कुणाची पडली असेल.

1823 साली वॉटरफर्डच्या एका सधन व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. वक्ता बिनतोड. 1848 मध्ये फ्रान्सहून हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा घेऊन आला. आज आयर्लंडचा राष्ट्रध्वज आहे, तोच. त्याच वर्षीचं इंग्रजांविरुद्धचं बंड मात्र पुरतं फसलं आणि राजद्रोहाबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पुढे तिची जन्मठेप होऊन रवानगी टास्मानियाला. तिथून निसटून 1852 मध्ये त्यानं न्यूयॉर्क गाठलं.

आता गंमत पाहा. इंग्रजांचा हा फरारी कैदी 1855 मध्ये न्यूयॉर्कचा वकील झाला! पुढच्याच वर्षी ‘आयरिश न्यूज’ हे पत्र काढलं. 1859 मध्ये सिकल्स नावाच्या काँग्रेस सदस्यानं बायकोच्या प्रियकराला वॉशिंग्टनमध्ये भररस्त्यात गोळ्या घातल्या. त्याच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत मार होता. क्षणिक वेडाचा युक्तिवाद झाला आणि सिकल्स चक्क सुटला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात मारनं आयरिश ब्रिगेडचं नेतृत्व केलं. फ्रेडरिक्सबर्गला टोप्यांत हिरव्या डहाळ्या खोचून त्याचे सुमारे बाराशे जवान टेकडीवर चालून गेले. त्यातले 545 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

1865 मध्ये सचिव म्हणून तो मोंटाना प्रदेशात पोचला. सोन्याच्या खाणींचा मुलूख. गव्हर्नर लवकरच निघून गेले आणि कारभार याच्या गळ्यात पडला. जुगाराच्या भांडणात माणूस मारणाऱ्या डॅनियल्स नावाच्या कैद्याला त्यानं सोडलं. न्यायाधीश म्हणाले, हा अधिकार तुमचा नव्हे. ते बरोबरच होतं. मारचं डोकं भावनेवर चालायचं. पण डॅनियल्स हेलेनाला परतताच गावच्या स्वयंघोषित रक्षकांनी त्याला झाडाला लटकावलं. सुटकेचा कागद म्हणे त्याच्या खिशातच होता. मारनं भरवलेल्या विधिमंडळाचे कायदेही वॉशिंग्टननं पुढे रद्द केले.

1 जुलै 1867च्या रात्री फोर्ट बेंटनला तो आगबोटीवरून मिसूरी नदीत पडला. प्रेत सापडलं नाही. कुणी म्हणतं दारू, कुणी आजारपण, कुणी घातपात. शत्रू त्यानं पुष्कळ करून ठेवले होते. हेलेनाच्या विधानभवनासमोर 1905 पासून त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा आहे, हातात तलवार घेऊन. वकिलाचा झगा शिल्पकाराला काही सुचला नाही.