नित्याच्या कामांत देवाचें सान्निध्य
(ज्युबिलीच्या तयारीनिमित्त सायंकाळच्या मिस्सानंतर दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे परमेश्वरानें आपल्या धर्मग्रामावर केलेल्या कृपेचें स्मरण करण्याचें वर्ष होय. देवळाच्या भिंतींना नवा रंग चढला आहे, वेदी उजळली आहे, आणि ज्या पूर्वजांनीं हें सर्व उभारिलें त्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जात आहेत. हें उचितच आहे; त्यासाठीं झटणाऱ्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतों. परंतु दगडाचुन्याचें मंदिर नवें झालें, तर त्यांत गुडघे टेंकणाऱ्या माणसांचें जें जिवंत मंदिर, तेंही त्या मानानें वाढलें काय? या प्रश्नाचें उत्तर रोषणाईंत सांपडणार नाहीं. तें प्रत्येकानें आपल्या अंतःकरणांत शोधावयाचें आहे.

आम्ही धर्मगुरू घरोघरीं जातों, आजाऱ्यांच्या उशाशीं बसतों, तेव्हां एक गाऱ्हाणें वारंवार कानीं पडतें: "फादर, देवाजवळ जावें असें फार वाटतें, पण कामांतून सवड कोठें मिळते?" वाडीवाला पहांटे झाडांना पाणी सोडावयास उठतो. नोकरदार गाडीच्या गर्दींत उभ्यानें मुंबई गांठतो आणि दिवेलागणीनंतर परततो. घरच्या माउलीचा दिवस तर चुलीपाशीं सुरू होऊन चुलीपाशींच संपतो. हें गाऱ्हाणें खोटें नव्हे. पण त्यांत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. देव देवळांत असतो, प्रार्थनेच्या घटकेला भेटतो, आणि उरलेला दिवस त्याच्यावांचून काढावयाचा असतो, असें आपण नकळत धरून चालतों.

हा गैरसमज ज्यांच्या चरित्रानें पार नाहींसा होतो, अशा एका साध्या पुरुषाची ओळख आज आपण करून घेऊं. त्यांचें नांव ब्रदर लॉरेन्स. हल्लीं फ्रान्स देशांत असलेल्या लॉरेन प्रांतांत इ. स. १६१४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, शिक्षण बेताचें. वयाच्या अठराव्या वर्षीं हिंवाळ्यांत एक निष्पर्ण वृक्ष त्यांच्या दृष्टीस पडला. कांहीं दिवसांनीं याच वाळक्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुलें येतील, मग फळें धरतील, हा विचार मनांत आला, आणि देवाचें सामर्थ्य व त्याची काळजी यांचा असा ठसा त्यांच्या हृदयावर उमटला कीं, तो जन्मभर पुसला नाहीं. पुढें ते सैनिक झाले, लढाईंत जखमी होऊन पायानें अधू झाले, आणि १६४० सालीं पॅरिस येथील कार्मेल संघाच्या मठांत व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले.

मठांत त्यांना काम मिळालें तें स्वयंपाकघराचें. लक्षांत ठेवा, या कामाची त्यांना मनापासून नावड होती. तरीही सुमारें पंधरा वर्षें त्यांनीं तें देवावरील प्रीतीस्तव केलें, आणि त्याच कामांत त्यांना समाधान लाभलें. पुढें ते मठांतील बंधूंच्या चपला दुरुस्त करीत बसत. एकदां मठासाठीं द्राक्षारस खरेदी करावयास त्यांना बर्गंडी प्रांतीं धाडण्यांत आलें. व्यवहाराचें ज्ञान नाहीं, पाय अधू. नावेंत पिंपांवरून अंग लोटीत लोटीत त्यांना सरकावें लागे. हें काम तुझेंच आहे, असें देवाला सांगून त्यांनीं तेंही पार पाडिलें. भांडीं खडखडत असतांना आणि चारी बाजूंनीं हांका येत असतांनाही ते मनानें देवाशीं बोलत. प्रार्थनेची वेळ निराळी आणि कामाची वेळ निराळी, असा भेद त्यांच्यापाशीं उरला नव्हता.

पण हें सान्निध्य त्यांना एका दिवसांत लाभलें काय? मुळींच नाहीं. मठांतील पहिलीं दहा वर्षें त्यांनीं मोठ्या मनस्तापांत काढिलीं. आपलें तारण होणार नाहीं, ही भीति त्यांना चार वर्षें जाळीत होती. प्रार्थनेंत गोडी नाहीं, मन ओसाड, अशाही स्थितींत त्यांनीं देवाची वाट सोडिली नाहीं. लक्ष विचलित झालें कीं ते शांतपणें तें पुन्हा प्रभूकडे वळवीत. चूक घडली कीं ती देवापाशीं कबूल करीत, आणि तिच्याविषयीं कुढत न बसतां पुढील कामास लागत.

बंधुभगिनींनो, आध्यात्मिक वाढीचें मर्म तें हेंच. प्रार्थनेंत डोळे पाणावले म्हणजे आपण देवाजवळ आणि मन कोरडें राहिलें म्हणजे दूर, असें माप आपण लावितों. पण हें माप खरें नव्हे. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य खिन्न मनानें चालले होते, तेव्हां प्रभु त्यांच्यासोबतच चालत होता. भाकर मोडली जाईपर्यंत त्यांनीं त्याला ओळखिलें नाहीं, इतकेंच. न ओळखिलेला प्रभु गैरहजर नव्हता.

तर मग आपण काय करावें? आम्ही चार सोप्या गोष्टी सुचवितों. पहिली, सकाळीं अंथरूण सोडतांच क्रुसाची खूण करून दिवसाचीं सर्व कामें प्रभूला अर्पण करावीं. दुसरी, कामाच्या ओघांत, विहिरीवर, गाडींत, कचेरींत, येशूचें नांव मनांतल्या मनांत घ्यावें. याला सवड लागत नाहीं, आठवण लागते. देवळाची घंटा दिवसांतून तीनदां ही आठवण देते. तिसरी, रविवारचा मिस्सा केवळ नेम म्हणून न ऐकतां ख्रिस्तप्रसादानें जीवाचें पोषण करावें; द्राक्षवेलीपासून तुटलेल्या फांदीला फळ येत नाहीं, हें प्रभूनेंच शिकविलें आहे. चौथी, रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा झाडा घ्यावा आणि पापनिवेदनाचा संस्कार लांबणीवर टाकूं नये.

येथें आपल्याच मातींतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील जुन्या मंडळींना बावखल चांगलें ठाऊक आहे. पावसाळ्यांत तें तुडुंब भरावें, त्याचें गोडें पाणी जमिनींत मुरावें आणि भोंवतालच्या विहिरींना त्याचा आधार व्हावा. बावखल बुजविलें म्हणून विहीर त्याच दिवशीं आटत नाहीं. पाणी हळूहळू खालीं जातें, मग त्याला खारी चव येते, आणि झाडें कां सुकतात हें घरांतील लहानांना कळतही नाहीं. घरांतील सायंकाळची जपमाळ हेंही असेंच एक बावखल आहे. ती एक दिवस राहिली म्हणून घर कोसळत नाहीं. पण वर्षानुवर्षें राहिली, तर बोलण्यांत खारटपणा येतो, सहनशक्ति आटते, आणि मुलांना तहान लागली तर पाणी कोठून काढावें हें त्यांना ठाऊक नसतें. आमची कळकळीची विनंती आहे कीं, ज्या घरांत हें बावखल बुजलें असेल, त्या घरानें तें या ज्युबिलीच्या वर्षीं पुन्हा खणावें. आरंभीं एकच दशक म्हटलें तरी चालेल. पण सर्वांनीं मिळून म्हणावें.

आणि आपण देवाजवळ जात आहों कीं नाहीं, हें ओळखावें कसें? शेजाऱ्याकडे पाहून. देवाजवळ जाणारा मनुष्य माणसांपासून दूर जाऊं शकत नाहीं. बांधाच्या हातभर जमिनीवरून दोन सख्खे भाऊ अबोला धरितात, एकाच वेदीपाशीं येतात आणि दोन दारांनीं बाहेर पडतात, तोंवर त्यांचें देवाशीं सान्निध्य अपुरेंच म्हणावें लागेल. वेदीजवळ अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट कर, ही प्रभूची शिकवण आहे. ज्युबिलीचा खरा दिवा पेटेल तो अशा समेटाच्या उंबऱ्यावर.

पवित्रता ही मठवासीयांचीच मिरास आहे असें कोणीं समजूं नये. १९६४ सालीं द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें सर्वच श्रद्धावंतांना पवित्रतेचें पाचारण आहे, असें स्पष्टपणें शिकविलें. आणि आपल्याला तर दूर पाहण्याचेंही कारण नाहीं. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया व्यापार करीत होते. पुढें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे व्रतस्थ बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं ख्रिस्तासाठीं प्राण दिला. ते किंवा ब्रदर लॉरेन्स, दोघांपैकीं कोणीही धर्मगुरू नव्हते. एकानें क्रुसावर साक्ष दिली, दुसऱ्यानें चुलीपाशीं. प्रभु मात्र दोघांच्याही सन्निध एकच होता.

तोच प्रभु उद्यां सकाळीं आपल्या वाडींत, गाडींत व स्वयंपाकघरांत आपली वाट पाहत असेल. त्याला ओळखण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो, आणि आपली माता पवित्र मरिया आपल्या घरांतील प्रार्थनेची ज्योत सदैव तेवत ठेवण्यास आपणांस साहाय्य करो. आमेन.