बांधावरची औषधी भाजी : गुण, वापर आणि विक्री

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बालाघाटच्या डोंगरउतारावर आणि आपल्या कोरडवाहू रानात पहिल्या पावसाबरोबर घोळ, तांदुळजा, तरवटा उगवतो. परसात शेवगा असतो, डोंगरावर सीताफळ. यांतले काही आपण तण म्हणून उपटतो, तर काहीवर तणनाशक मारतो. आज त्यांच्या गुणांविषयी बोलू.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हा बदल होतो. त्याला लिंबू चोळले तर तो लांबतो. आपल्या शरीरातही अशीच झीज चालू असते. ती रोखण्यास मदत करणाऱ्या घटकांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात. क जीवनसत्त्व, कॅरोटीन आणि पॉलिफेनॉल ही त्यांची उदाहरणे. यांपैकी काही घटक, उदाहरणार्थ हळदीतील कुर्कुमीन, प्रयोगशाळेत दाह व सूज कमी करताना आढळले आहेत. मात्र प्रयोगशाळेत दिसलेला गुण ताटातल्या भाजीने रोग बरा करीलच असे नाही. म्हणून मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत.

शेवगा : पानांत कॅरोटीन, पॉलिफेनॉल, लोह व चुना भरपूर असतो. पाने धुऊन सावलीत वाळवावीत. उन्हात कॅरोटीन नष्ट होते. भुकटी हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. पिठात किंवा वरणात चमचाभर घालून वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही भुकटी सोबत न्यावी. तिकडे ताजी भाजी रोज मिळतेच असे नाही. शेवग्याची मुळी व साल मात्र खाऊ नये, विशेषतः गरोदर मातांनी.

घोळ : या भाजीत ओमेगा-3 प्रकारचे स्निग्धाम्ल असते, जे पालेभाज्यांत एवढ्या प्रमाणात क्वचितच आढळते. तिच्यात ऑक्झलेटही जास्त असते. म्हणून उकळून पाणी टाकून द्यावे आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी.

सीताफळ : बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गरात क जीवनसत्त्व असते, पण बी विषारी आहे. बियांची पूड डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. ती डोक्याला लावू नये, मुलांपासून दूर ठेवावी.

भाजी करताना आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून थोड्या पाण्यात लवकर शिजवावी. फोडणीला थोडे तेल हवेच; त्याशिवाय कॅरोटीन शरीरात नीट शोषले जात नाही. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या बांधावरची भाजी कधीही खुडू नये.

आता विक्रीविषयी. शेवग्याची पीकेएम-1 ही जात बियांपासून लावली असता सहा ते आठ महिन्यांत शेंगा देते. पानांच्या भुकटीसाठी लागवड करायची असेल तर आधी खरेदीदार निश्चित करा, मग रोप लावा. खरेदीची हमी देतो म्हणून महागडी रोपे विकणारा आला, तर लेखी करार व पूर्वीच्या खरेदीच्या पावत्या मागा. भुकटी विकण्यासाठी अन्नसुरक्षा कायदा, 2006 खाली नोंदणी लागते. पाकिटावर 'मधुमेह बरा होतो' असे छापणे कायद्याविरुद्ध आहे. गटातल्या महिलांनी शुद्धता, वाळवण्याची पद्धत व गावाचे नाव छापावे. गिऱ्हाईक त्यावरच टिकते.

कृषी विभाग 2020 पासून रानभाजी महोत्सव भरवतो. तेथे भाजी नेऊन गिऱ्हाईक अजमावता येते.

शेवटी एकच विनंती. यंदा एका बांधावर तणनाशक मारू नका. परसात शेवग्याची दोन झाडे लावा. अधिक माहितीसाठी खामगाव (ता. गेवराई) किंवा डिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.