संथ गाण्यांची बाजू

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काळ्यांच्या गाण्यांवर बोल, असं मला सांगितलं गेलं. तुमच्या मनात काय आहे ते मी ओळखून आहे. तुम्हाला वळलेल्या मुठीचं गाणं पाहिजे. जेम्स ब्राऊननं १९६८ साली काळं असण्याचा अभिमान छाती काढून गायला, लहान पोरांकडून कोरस म्हणून घेतला, ते. ते गाणं मोठंच आहे. पण मी बोलणार आहे त्यानंतरच्या, सत्तरच्या दशकातल्या सोल गाण्यांवर. त्यातही संथ गाण्यांवर. प्रेमाच्या, विरहाच्या, मनधरणीच्या.

परवा टपरीवर एक साथी म्हणाला, ‘लेका, बाईसाठी रडणारी गाणी ऐकतोस आणि चळवळीतला म्हणवतोस?’ तिथं उत्तर दिलं नाही, चहा गार होत होता. इथं देतो.

या गाण्यांना पन्नास वर्षं झाली. ज्यांनी ती तरुणपणी ऐकली ते म्हातारे झाले, त्यांची नातवंडं ती ऐकतात. बाजारात दर आठवड्याला हजार गाणी जन्मतात आणि मरतात, ही का मरत नाहीत?

सोल म्हंजे चर्चमधली आळवणी. घसा तोच, टाळ्या त्याच, देवाच्या जागी माणूस आला एवढंच. देवभोळ्यांना ते पाप वाटलं. पण ज्यांना आयुष्यभर फक्त देवापुढंच मोकळं रडायची मुभा होती, त्यांनी ते रडणं माणसाकडं वळवलं, ही साधी गोष्ट नाही.

बिल विदर्स घ्या. १९३८ साली वेस्ट व्हर्जिनियात स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मला. बोलताना अडखळायचा. नऊ वर्षं नौदलात काढली. मग कॅलिफोर्नियात विमानातले संडास बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पहिली तबकडी १९७१ साली निघाली तेव्हा तिशी उलटून गेली होती. त्या तबकडीच्या वेष्टनावरचा फोटो जरूर बघा. कारखान्याच्या भिंतीपाशी उभा आहे, हातात जेवणाचा डबा. जेवणाच्या सुट्टीत काढलेला फोटो. गाणं गाजलं तरी त्यानं नोकरी लगेच सोडली नाही, कारण गाण्याच्या धंद्यावर त्याचा भरवसा नव्हता. मी हा फोटो टोळीतल्या माणसांना दाखवला तेव्हा मुकादमसुद्धा म्हणाला, हा आपलाच दिसतो.

त्या तबकडीतलं ‘एन्ट नो सनशाईन’ हे गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. बाई घर सोडून गेलीय आणि उजेड गेलाय, एवढीच गोष्ट. मधेच त्याचे शब्द संपले. त्या जागी पुढं ओळी घालायचा बेत होता, म्हणून तो एकच जोडशब्द परत परत म्हणत राहिला. सोबतचे वादक म्हणाले, राहू दे असंच. म्हणून राहिलं. सव्वीस वेळा. मी मोजलेत. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण तिथं इंग्रजी लागतच नाही. जड बोजा ढकलताना टोळी एकच शब्द धरून बसते तेव्हा शब्दाचा अर्थ निघून जातो आणि नुसता दम उरतो, तसं होतं ते. कुठला विद्यापीठातला कवी असता तर त्यानं तिथं प्रतिमा घातली असती.

त्याचं दुसरं गाणं, १९७२ चं ‘लीन ऑन मी’. शहरात आल्यावर त्याला खाणीच्या गावातला शेजार आठवला, त्यातून ते आलं. २०२० च्या मार्चअखेरीस तो गेला. त्याच दिवसांत तिकडं करोनाच्या धास्तीत माणसं, दवाखान्यातले कामगारसुद्धा, हेच गाणं म्हणत होती.

(ओटिस रेडिंगचं गोदीवर बसून राहण्याचं गाणं १९६८ चं, म्हणून माझ्या दशकात बसत नाही. गोदीत नुसतं बसून राहायची चैन मला अजून मिळालेली नाही, तरी ते मला आवडतं.)

आता मेंफिस. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात कचऱ्याच्या गाडीत आडोशाला बसलेले दोन काळे सफाई कामगार गाडीचं दाबयंत्र सुरू झाल्यानं चिरडून मेले. तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या छातीवरच्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता, मी माणूस आहे एवढंच होतं. साठीच्या म्हाताऱ्यालाही गोरा ‘बॉय’ म्हणून हाक मारायचा, आपल्याकडं ‘ए’ आणि ‘अरे’ आहे तसं. त्या संपाच्या पाठिंब्याला मार्टिन ल्यूथर किंग आला आणि ४ एप्रिलला तिथंच त्याला गोळी घातली.

त्याच शहरात, चारच वर्षांत, अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ साऱ्या अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. जुन्या सिनेमा थेटरात थाटलेल्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. अल ग्रीनला इतरांसारखं गरजून गायचं होतं. विली मिचेल या त्याच्या संगीतकाराचा आग्रह उलटा: आवाज खाली आण, मऊ गा. मऊ गायला आणि जिंकला. मला हे दोन्ही एकाच कामाचे दोन भाग वाटतात. रस्त्यावर पाटी धरून माणूस आहे म्हणायचं, आणि घरात शिरून माणसाच्या आवाजात बायकोशी बोलायचं. पहिल्याचा इतिहास लिहिला गेला. दुसरं लोकांनी नुसतं पाठ करून ठेवलं.

यापुढं फिलाडेल्फियाची गाणी ऐका. थॉम बेल, शास्त्रोक्त पियानो शिकलेला. त्यानं डेल्फॉनिक्स, स्टायलिस्टिक्स अशा काळ्या पोरांच्या टोळ्यांसाठी व्हायोलिनं आणि फ्रेंच हॉर्न आणले. गोऱ्यांच्या बड्या सभागृहांतली वाद्यं काळ्या वस्तीतल्या पोराच्या मागं उभी केली. काही गाण्यांत तर विजेची सतार आहे, म्हंजे सतारीसारखी झणझणणारी गिटार. स्टायलिस्टिक्सचा रसेल थॉम्पकिन्स ज्युनियर बाईच्या पट्टीत गातो. आपल्याकडं लगेच हसतात, बायकी म्हणतात. हसण्याआधी एवढं ध्यानात घ्या की १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आळावरून मारून नदीत टाकलं, आणि मारणारे निर्दोष सुटले. काळ्या पुरुषाची वासना म्हंजे जनावराची, असं तो देश मानायचा. त्याच देशात काळा पोरगा सुट घालून, इतक्या नाजूक आवाजात, न भिता सांगतो की माझं प्रेम आहे. माझ्या लेखी हे धाडस मुठीपेक्षा कमी नाही.

या गाण्यांना घाई नसते, हेही आहे. आयझॅक हेज मेंफिसमधे मांसाच्या कारखान्यात राबलेला गडी. १९६९ साली त्यानं दुसऱ्याचं तीन मिनिटांचं गाणं घेतलं आणि अठरा मिनिटांवर ओढलं. आधी कितीतरी वेळ नुसता बोलतो, नवरा का निघून गेला ते सांगत. ज्यांचा तास अन् तास दुसऱ्यानं मोजून विकत घेतलेला असतो, त्यांनाच कळेल की अठरा मिनिटं उधळणं काय असतं.

सगळीच चांगली नाहीत. पुष्कळात पुरुषच बोलतो आणि बाई ऐकते, काहीत तर तिला वस्तू करून टाकलंय. म्हणून ग्लॅडिस नाईटचं १९७३ चं आगगाडीचं गाणं मला जास्त खरं वाटतं. शहरात हरून गावी परतणाऱ्या माणसाबरोबर ती आपल्या मर्जीनं जाते.

आता आपल्या जवळचा मुद्दा. १९७२ साली आपण पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं, त्या ब्लॅक पँथर पार्टीचं स्वतःचं गायकमंडळ होतं, ‘द लुंपेन’. १९७० सालचं. पार्टीचं पत्र विकणारी, पोरांना नाश्ता वाढणारी मंडळी सोलच्या चालीत क्रांती गायची. आज त्यांची गाणी अभ्यासकांना ठाऊक. हे मी खुशीनं सांगत नाही. पण मग प्रेमाची गाणी कोणी जगवली, ते बघा.

वॉशिंग्टनमधे हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठाच्या रेडिओवर १९७६ साली मेल्विन लिंडसे या विद्यार्थ्यानं रात्री फक्त संथ गाणी लावायला सुरुवात केली. देशभर त्याची नक्कल झाली. कॅलिफोर्नियात आर्ट लाबो नावाचा निवेदक होता, आर्मेनियन वंशाचा. २०२२ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला, तोवर कार्यक्रम करत होता. त्याला फोन करणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे कष्टकरी. तुरुंगातल्या नवऱ्यासाठी बाई गाणं मागायची. पोरगं बापाला शुभ रात्री म्हणायचं. मग जुनं, संथ गाणं लागायचं आणि कोठडीत बाप ते ऐकायचा. त्याच वेळी, त्याच मिनिटाला, घरात ती ऐकायची. भिंत होती तिथंच राहायची. माझ्या टपरीवरच्या साथीनं त्या पोराला जाऊन सांगावं की हे गाणं रडकं आहे.

पुरे झालं. फोनवर तीन गाणी आणलीत. पहिलं शिकागोच्या चाय-लाइट्सचं ‘ओ गर्ल’, १९७२ चं. माउथ ऑर्गननं सुरू होतं, आवाज बारीक आहे. कुणीतरी पंखा बंद करा.