‘लेक व्ह्यू’चा फोटो कोणत्या महिन्यातला?

नागपूरहून रामटेक साधारण 50 किलोमीटर, आणि तिथून खिंडसी तलाव अगदी जवळ. मागच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन काठावरचं एक घर भाड्यानं घेतलं. फोटोत पाणी पार गॅलरीखाली. प्रत्यक्षात? समोर भेगाळलेली जमीन, पाणी कुठच्या कुठं! फोटो खोटा नव्हता हं, पावसाळ्यानंतरचा होता. खिंडसी सिंचनाचा तलाव; शेतीला पाणी सोडलं, त्यात आपलं ऊन, की काठ मागं सरकतोच.

म्हणून बुकिंगआधी सरळ फोन करा, आजचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. आणि जिने किती, तेही विचारा. मी विचारलं नव्हतं. बाबा गुडघे धरत दुसऱ्या मजल्यावर चढले, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

यंदा डिसेंबरचं बुकिंग केलंय, तळमजला. आईचा एकच प्रश्न, “पाणी आहे ना रे?”