गोड शेवटाचा हिशेब



ग्रंथालयांत कादंबरी बदलावयास आलेल्या गृहिणी पुष्कळदां एक प्रश्न विचारतात : "शेवट गोड आहे ना?" विद्वान् मंडळी ह्या प्रश्नास हंसतात. मला तो हंसण्यासारखा वाटत नाहीं. जिचा सारा दिवस दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालतो, तिला रात्रीच्या तासाभरांत कोणाचें तरी आयुष्य नव्यानें सुरू झालेलें पाहावेंसें वाटलें, तर त्यांत गैर तें काय? मात्र हा गोड शेवट खरा कीं फुकाचा, हें ओळखण्याची कांहीं कसोटी हवी. तिच्याविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० सालापासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तिची नायिका यमू बुद्धिमान् आहे, पतीच्या उत्तेजनानें लिहावयास-वाचावयास शिकलेली आहे. पण वैधव्य येतांच तिचें बळेंच केशवपन होतें आणि त्या दुःखांतच तिचा अंत होतो. यमूच्या अंगीं गुणांची वाण नव्हती. तिला जावयास जागा नव्हती.

आतां तीच वर्षें घ्या. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईस निघालें व पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं त्यांच्याशीं पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. यमूवर कोसळलें तेंच संकट गोदूबाईंवर कोसळलें होतें. पण त्यांच्यासाठीं एक दार उघडें होतें, आणि तें कोणीतरी खटपट करून उघडें ठेविलें होतें.

तसेंच दार कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढून उघडलें; १९०० सालीं तो हिंगण्यास गेला. आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले ह्यांनीं ह्या कार्यास वाहून घेतलें. वर्गणीसाठीं त्या गांवोगांव हिंडल्या, आणि पुढें तर थेट अमेरिकेस जाऊन, परक्या घरीं काम करीत, इंग्रजी शिकल्या. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ सालीं व आनंदीबाईंचें 'माझें पुराण' १९४४ सालीं निघालें. हीं आत्मचरित्रें वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते : एका स्त्रीच्या नव्या आरंभामागें अनेकांची भाकरी, वर्गणी आणि पायपीट असते.

पण दार उघडलें म्हणजे सर्व झालें काय? १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर ह्या टोपण नांवानें प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. लेखिका म्हणजे हिंगण्याच्या संस्थेंत शिकलेल्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर. त्यांच्या नायिका शिकलेल्या आहेत, मिळवित्या आहेत, तरीही त्यांचें मन कोंडलेलें आहे. 'हिंदोळ्यावर' ह्या १९३४ सालच्या कादंबरींत पतीनें टाकलेली स्त्री आहे. हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मुंबई प्रांतांत १९४७ सालीं मिळाला. त्यापूर्वीं अशा नायिकेचा सरळ, सुखी संसार रंगविणें म्हणजे वाचकांची फसवणूकच झाली असती. लेखिकेनें ती केली नाहीं.

माझ्या मतें कसोटी ती हीच. नायिकेला आसरा कोणीं दिला? पहिला पगार कोठून आला? ती कामास गेली असतां मूल कोणाजवळ होतें? कायदा कोणाच्या बाजूस होता? ज्या कादंबरींत ह्या प्रश्नांचीं उत्तरें सांपडतात, तिचा गोड शेवट खरा. जेथें अखेरच्या प्रकरणांत एखादा धनवान् नायक अवतरून सर्व कांहीं निस्तरतो, तेथें तो फुकाचा.

अशा खऱ्या कथेची सामग्री दूर शोधावयास नको. आपली बिबवेवाडीच पाहा. एके काळचें हें हवेली तालुक्यांतील खेडें आज शहराच्या पोटांत आलें आहे. एका अंगास सोसायट्यांच्या इमारती, दुसऱ्या अंगास अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती. येथील अनेक कुटुंबांचें मूळ गांव निराळें. शेजारही पिढीजात नव्हे, जोडलेला. घराची किल्ली शेजारीं ठेवणें, नडीला भिशीचा हप्ता आधीं मिळूं देणें, शाळेंतून दोन घरचीं मुलें एकीनेंच आणणें, ह्या लहान गोष्टींतूनच कोणा एकटीचा संसार पुन्हा उभा राहतो. कादंबरीकारांनीं त्या क्षुल्लक मानूं नयेत.

आणि आणखी एक. सोसायटींतील गृहिणी चाळिशींत पुन्हा शिकूं लागते, नोकरी धरते, तेव्हां तिच्या स्वयंपाकघराचा भार बहुधा वस्तींतील दुसरी बाई उचलते. पहिलीच्या कथेंत ही दुसरी केवळ "कामवाली" म्हणून दारांतून आंत येते आणि भांडीं घासून निघून जाते. तिलाही मुलें आहेत, तिलाही रात्रशाळेची किंवा शिलाईच्या यंत्राची आस असेल. जिच्या आधारावर एकीचा नवा आरंभ झाला, तिच्या आरंभासाठीं पहिलीनें काय केलें, हें ज्या कादंबरींत वाचावयास मिळेल, तिचा शेवट दोघींनाही गोड लागेल.