आत्याचा आजार, भाचीचा प्रश्न

घरातल्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला, की कानोकान एक सूचना फिरते : बाहेर कुठे बोलू नका, मुलींची लग्ने व्हायची आहेत. पण याच आजारात कधीकधी असे काही असते, जे आधी त्या मुलींनाच कळायला हवे.

सर्वच स्तनकर्करोग वारशाने येत नाहीत. १०० पैकी साधारण ५ ते १० येतात. त्यातले बरेचसे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांतल्या दोषामुळे. पहिल्याचा ठावठिकाणा मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी संशोधिकेने १९९० मध्ये शोधला : सतरावे गुणसूत्र. ही जनुके पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यास मदत करतात. जनुकात दोष असला, की दुरुस्ती अडते.

आपल्याकडे चौकशी होते ती आई, मावशी, आजीची. फुफूला, म्हणजे आत्याला, कुणी मोजत नाही. माझ्या आपाला ऐन चाळिशीत हा आजार झाला आणि तपासणीत जनुकाचा दोष निघाला. नातेवाईक मला म्हणाले, "तू पुरुष, तुझा काय संबंध?" संबंध होता. दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मला दोन मुली आहेत. मी रक्त दिले. दोष माझ्यातही निघाला.

मुलींना समोर बसवून सांगितले. थोरलीने चाचणी करून घेतली, धाकटी म्हणाली, "अब्बा, आत्ता नको." दोघींचाही तो हक्क आहे.

चाचणी रक्ताची किंवा लाळेची असते. शक्य असेल तर आधी रुग्णाची करावी. तिच्यात नेमका दोष सापडला, तर इतरांत तेवढाच शोधता येतो. तिची तपासणी न होता आलेले नातेवाइकाचे 'नाही' पूर्ण निर्धास्त करत नाही. अहवालात कधी असाही बदल दिसतो, ज्याचा अर्थ अजून ठरलेला नसतो. त्याच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतरही जनुकीय समुपदेशकाशी बोलावे.

दोष सापडणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. असा दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. धोका मोठा आहे, पण हाती उपायही आहेत : लवकर सुरू केलेली एमआरआय तपासणी, काही औषधे, कुणासाठी शस्त्रक्रिया. अंडाशयाच्या धोक्याबद्दलही विचारावे.

आमच्याकडे अशा वेळी 'तकदीर' म्हणून हात टेकतात. तकदीर मीही मानतो. पण जे वेळेवर कळू शकते, ते मुलींपासून लपवणे ही तकदीर नव्हे, तो आपला निर्णय असतो. घराण्यात कुणाला कमी वयात स्तनाचा, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर आई आणि वडील दोन्हीकडची माणसे, त्यांचे आजार आणि तेव्हाची वये कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या मुलींनाही.